वाचकांचे प्रश्न : ऑल-इनला कॉल द्यावा की पाने टाकावीत?

या महिन्यात पोकरविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत : समोरच्याने आपले सगळे पैसे पुढे केल्यावर, म्हणजे ऑल-इन केल्यावर, आपण काय करावे : तेवढेच पैसे लावून कॉल द्यावा की पाने टाकावीत? चारही पत्रांना एकत्र उत्तर देत आहे. पहिल्या पत्रातला डाव विशेष बोलका असल्यामुळे त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी फोंड्याला राहतो आणि शाळेत शिकवतो. २०२५ च्या जुलैपर्यंत मी रात्रीची जेवणे आटोपल्यावर मोबाइलवर १ आणि २ रुपयांच्या ब्लाइंडचे (दोघांनी आधीच लावायच्या सक्तीच्या रकमांचे) नो-लिमिट होल्डेम खेळत असे, म्हणजे हातातली दोन आणि टेबलावरची पाच पाने मिळून हात बनवायचा तो पोकर. टेबल सहा जणांचे असायचे आणि २०० रुपये घेऊन बसायचे, एवढाच तो खेळ. त्यातला एक डाव मी वहीत उतरवून ठेवला आहे. मी बटनवर, म्हणजे शेवटी खेळण्याच्या जागेवर, होतो आणि माझ्याकडे चौकटचा एक्का व किलवरची राणी होती. मी ६ रुपये केले, बिग ब्लाइंडने (२ रुपयांचा ब्लाइंड लावलेल्याने) कॉल दिला, बाकीच्यांनी पाने टाकली. फ्लॉपला, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, चौकटची राणी, इस्पिकची अठ्ठी आणि चौकटची सत्ती आली. त्याने चेक केले (काही न लावता पाळी सोडली), मी ८ लावले, त्याने कॉल दिला. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, किलवरची तिर्री आली, तेव्हा त्याचे पुन्हा चेक, माझे २० आणि त्याचा कॉल. रिव्हरला, म्हणजे पाचव्या पानाला, बदामची दुर्री पडली आणि या वेळी मात्र त्याने क्षणाचाही विलंब न लावता सगळे पुढे केले. पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या रकमेत, तेव्हा ६९ रुपये होते. माझ्याकडे १६६ उरले होते आणि त्याच्याकडे त्याहून थोडे अधिक, म्हणजे कॉल द्यायचा तर मला सगळे १६६ द्यायचे होते. तो खेळाडू अर्ध्या तासापूर्वीच टेबलावर आला होता. तेवढ्या वेळात त्याने दोनदा रिव्हरवर ऑल-इन केले होते, पण दोन्ही वेळा कोणी कॉल न दिल्यामुळे त्याची पाने कोणाला दिसली नव्हती. चौकटचा एक्का माझ्याकडे असल्याने त्याचा फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) होण्याची भीती नाही आणि त्याच्याकडे तीन अठ्ठ्या किंवा तीन सत्त्या असत्या तर त्याने आधीच रेझ केले असते (रक्कम वाढवली असती), असा विचार करून मी कॉल दिला. त्याने चौकटची दश्शी आणि चौकटची नव्वी दाखवली आणि पॉट माझा झाला. माझे मेहुणे मांडवीतल्या एका कॅसिनो जहाजावर डीलर आहेत. त्यांना हा डाव सांगितला, तर ते म्हणाले, “भावोजी, जिंकलात ते ठीक, पण कॉल चुकीचा होता.” जिंकलेला कॉल चुकीचा कसा असू शकतो?

उत्तर : असू शकतो, पण तुमच्या डावाबाबत मेहुण्यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. तुम्ही कॉलसाठी दिलेल्या दोन कारणांपैकी एक उलटे आहे आणि दुसरे अर्धे खरे आहे. तिसरे, सर्वांत चांगले कारण तुमच्या वहीत लिहिलेले असूनही तुम्ही ते वापरलेले नाही. त्यामुळे कॉल चुकीचा होता की नाही यापेक्षा तो कोणत्या आधारावर दिला गेला, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

आधी किंमत पाहू. तुम्हाला १६६ रुपये द्यायचे होते. ते दिल्यावर पॉट ६९ अधिक त्याचे १६६ अधिक तुमचे १६६, म्हणजे ४०१ रुपयांचा होतो. १६६ ला ४०१ ने भागले की ४१.४ टक्के येतात. याचा अर्थ, असा प्रसंग शंभर वेळा आला आणि त्यांतल्या ४१-४२ वेळा तुमची राण्यांची जोडी वरचढ ठरली, तर तुम्ही ना नफा ना तोटा या रेषेवर राहता. निम्म्याहून अधिक वेळा जिंकण्याची गरज नाही, हे नवख्या खेळाडूच्या लक्षात येत नाही आणि म्हणून तो कधी घाबरून पाने टाकतो. उलट बाजूने, लहान रकमेच्या खेळात “एवढेसे तर पैसे आहेत” असे म्हणून अनेक जण हा भागाकार करतच नाहीत. रक्कम लहान असली म्हणून टक्का बदलत नाही.

ॲप पॉटमधून आपली रेक, म्हणजे आपला हिस्सा, कापून घेते, तीही या हिशेबात धरावी लागते. समजा ५ टक्के कापले जात असतील, तर ४०१ मधून तुमच्या हाती सुमारे ३८१ येतात आणि लागणारा टक्का ४१.४ वरून ४३.६ वर जातो. अशा कपातीला बहुधा वरची मर्यादा असते, तरीही लहान टेबलांवर तिचा भार मोठ्या टेबलांपेक्षा अधिक जाणवतो.

आता मुख्य काम, मोजणीचे. त्याच्या हातात कोणती दोन पाने असू शकतील याच्या जुळण्या आपण मोजू. प्रथम तुम्हाला हरवणाऱ्या जुळण्या घेऊ. अठ्ठीची जोडी असेल तर त्याच्या तीन अठ्ठ्या होतात. एक अठ्ठी टेबलावर असल्यामुळे उरलेल्या तीन अठ्ठ्यांतून दोन घेण्याचे ३ प्रकार. सत्तीचेही तसेच ३. एकाच रंगाच्या अठ्ठी-सत्तीच्या २ जुळण्या उरतात, कारण इस्पिकची अठ्ठी आणि चौकटची सत्ती टेबलावर आहे. राण्यांपैकी एक टेबलावर आणि एक तुमच्या हातात असल्याने एकाच रंगाची राणी-अठ्ठी १ आणि राणी-सत्ती २. हे झाले ११. टर्नला आलेल्या तिर्रीमुळे तिर्रीच्या जोडीचे ३ प्रकार धरले तर एकूण १४. राण्या, राजे, एक्के अशा मोठ्या जोड्या असत्या तर बिग ब्लाइंडने पाने वाटल्या वाटल्याच रेझ केले असते, म्हणून त्या मी सोडून देतो.

तुम्ही ज्यांना हरवता त्यांतला मोठा गट म्हणजे फसलेले ड्रॉ, हव्या पानाची वाट पाहूनही ते न मिळालेले हात. चौकटच्या दोन पानांवर फ्लशची वाट पाहणारे आणि फ्लॉपपूर्वी कॉल देण्याजोगे हात पाहिले तर राजा-गुलाम, राजा-दश्शी, राजा-नव्वी, गुलाम-दश्शी, गुलाम-नव्वी, दश्शी-नव्वी, छक्की-पंजी आणि पंजी-चव्वी असे ८ होतात. अठ्ठी-सत्तीला लागून स्ट्रेटची (ओळीने पाच पानांची) वाट पाहणारे दश्शी-नव्वी आणि छक्की-पंजी हे हात चौकट सोडून उरलेल्या तीन रंगांत धरले तर आणखी ६. म्हणजे फसलेल्या जुळण्याही १४.

१४ विरुद्ध १४, म्हणजे ५० टक्के, आणि आपल्याला तर ४१.४ च हवेत, मग कॉल सोपाच, असे वाटेल. पण इथेच बहुतेकांची चूक होते. हरवणाऱ्या १४ जुळण्यांवर तो पैसे लावणारच आहे. फसलेल्या १४ वर मात्र तो प्रत्येक वेळी सगळे पुढे करीलच असे नाही, कारण बरेच खेळाडू अशा वेळी चेक करून पाने सोडून देतात. गणिताने पाहिले तर हरवणाऱ्या १४ असताना कॉल परवडण्यासाठी फसलेल्यांपैकी १० जुळण्यांवर त्याने ऑल-इन करायला हवे. त्याने निम्म्या, म्हणजे ७ वर केले असे समजा. मग अशा २१ प्रसंगांत तुम्ही ७ वेळा प्रत्येकी २३५ मिळवता, म्हणजे १,६४५. १४ वेळा प्रत्येकी १६६ घालवता, म्हणजे २,३२४. एकूण ६७९ रुपयांचा तोटा, प्रत्येक कॉलमागे ३२ रुपये, म्हणजे १६ बिग ब्लाइंड. तुमच्या एक्क्यापुढे हरणाऱ्या राजा-राणीच्या ८ जुळण्यांपैकी एकदोनांवर काही जण उत्साहाने सगळे लावतात हे खरे आहे, पण त्या दोन मिळवल्या तरी बेरीज ९ होते आणि १० ला पोहोचत नाही. एखादा अनोळखी खेळाडू लहान रकमेच्या टेबलावर दोन वेळा चेक-कॉल करून रिव्हरवर पॉटच्या दुपटीहून अधिक रक्कम एकदम पुढे करतो, तेव्हा माझा सर्वसाधारण सल्ला पाने टाकावीत असाच असतो, आणि मेहुण्यांनी जे म्हटले ते याच अनुभवातून म्हटले असणार.

आता तुमचे पहिले कारण, चौकटच्या एक्क्याचे. टेबलावर पाचही पाने आली तेव्हा त्यांत चौकटची दोनच होती. फ्लशसाठी तीन लागतात, म्हणजे रिव्हरवर कोणाचाच फ्लश शक्य नव्हता आणि तुमच्या एक्क्याने तुम्हाला कशापासूनही वाचवलेले नव्हते. एवढेच असते तर ते निरुपयोगी कारण म्हणून सोडून देता आले असते, पण तो एक्का प्रत्यक्षात तुमच्या विरुद्ध काम करत होता. तो तुमच्या हातात असल्यामुळे चौकटचे एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, एक्का-नव्वी, एक्का-छक्की, एक्का-पंजी आणि एक्का-चव्वी या सहा जुळण्या त्याच्याकडे असूच शकत नव्हत्या. आणि एक्क्याबरोबर चौकटचे पान हा फ्लशच्या आशेने खेळला जाणारा सर्वांत लोकप्रिय हात आहे. तुमच्याकडे इस्पिकचा एक्का असता तर फसलेल्या जुळण्या १४ ऐवजी २० झाल्या असत्या आणि त्यांपैकी निम्म्यांवर जरी त्याने ऑल-इन केले असते तरी कॉल रेषेच्या वर गेला असता. तेच टेबल, तोच खेळाडू, तीच राण्यांची जोडी, फक्त एक्क्याचा रंग वेगळा, आणि उत्तर बदलते. ज्यांना हा खेळ मनापासून शिकायचा आहे त्यांनी इथे थोडे थांबावे, कारण आपली दोन पाने ही केवळ आपली ताकद नसते. समोरच्याकडे काय नाही हेही ती सांगतात, आणि या दुसऱ्या गोष्टीकडे लहान टेबलांवर क्वचितच कोणी पाहतो.

दुसरे कारण अर्धे खरे आहे. दोन चौकट आणि अठ्ठी-सत्ती असलेल्या फ्लॉपवर तीन अठ्ठ्या घेऊन गप्प बसणे धोक्याचे असते, म्हणून काही खेळाडूंनी तिथेच रेझ केले असते. फ्लॉपवर तयार झालेल्या ११ जुळण्यांपैकी ४ या कारणासाठी वगळू या. तिर्रीची जोडी मात्र टर्नपर्यंत तयारच झालेली नव्हती, त्यामुळे तिच्या ३ जुळण्यांना हा युक्तिवाद लागू होत नाही. मग उरल्या १०, आणि कॉल परवडण्यासाठी आता फसलेल्यांपैकी ७, म्हणजे बरोबर निम्म्या, जवळजवळ पुरतात. म्हणजे प्रश्न असा झाला की हा खेळाडू फसलेल्या ड्रॉंपैकी निम्म्यांवर सगळे पुढे करणारा आहे की नाही?

आणि याचेच उत्तर तुमच्या वहीत होते. अर्ध्या तासात त्याने दोनदा रिव्हरवर ऑल-इन केले होते आणि हा तिसरा. सहा जणांच्या ऑनलाइन टेबलावर अर्ध्या तासात साधारण ३० ते ४० डाव होतात. एवढ्या डावांत रिव्हरपर्यंत जाऊन तीनदा उत्तम हात बनणे अशक्य नाही, पण दुर्मिळ आहे. त्याची पाने दिसली नाहीत म्हणून आपल्याला काहीच कळले नाही, असे तुम्ही धरलेत. पण न दिसलेल्या पानांचीही वारंवारता दिसतच असते. तुमच्या मेहुण्यांच्या बाबतीतही हाच मुद्दा आहे. डीलर म्हणून त्यांनी हजारो डाव डोळ्यांसमोर उलगडताना पाहिले असतील. मात्र ज्याला कॉल मिळतो त्याचीच पाने टेबलावर उघडतात. यशस्वी झालेला ब्लफ (कमकुवत हातावर दिलेली हूल) पालथाच गोळा केला जातो आणि तो गोळा करणाऱ्यालाही दिसत नाही, त्यामुळे उघडलेल्या पानांवरून घेतलेल्या अनुभवात ब्लफ खरोखर असतात त्याहून कमी दिसतात. शिवाय जहाजावरचा खेळ वेगळा असतो. तिथे बसणारा बाहेरून आलेला पर्यटक असतो, कारण १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यासाठी प्रवेश बंद आहे, आणि तिथल्या टेबलावर दोन रुपयांचा बिग ब्लाइंड नसतो. पहिल्या दोन ऑल-इनची माहिती तुम्ही त्यांना दिली होती का, हे पत्रात आलेले नाही. दिली नसेल तर त्यांचा निर्णय बरोबर होता. दिली असती तर तेही कदाचित माझ्याप्रमाणेच म्हणाले असते की कॉल रेषेच्या अगदी जवळ होता आणि थोडासा देण्याच्या बाजूला झुकत होता. त्याने क्षणात पैसे लावले याला मी महत्त्व देत नाही, कारण मोबाइलवर एकाच वेळी तीन टेबले खेळणारा माणूस सगळेच क्षणात करतो.

एक शंका तुम्ही विचारलेली नाही, पण ती मनात येतेच : अशा वेळी पाने टाकत राहिलो तर सगळेच आपल्यावर ऑल-इन करत सुटणार नाहीत का? ६९ च्या पॉटमध्ये १६६ लावणाऱ्याचा ब्लफ सरसकट फायद्याचा होऊ नये, यासाठी तुम्ही रिव्हरपर्यंत आणलेल्या हातांपैकी सुमारे २९ टक्के हातांनी कॉल दिला तरी पुरते. उरलेले ७१ टक्के टाकायला हरकत नाही. पॉटपेक्षा मोठी रक्कम लावण्याचे हे शस्त्र खरेच धारदार आहे. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणक प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले, तेव्हा तिच्या अशा मोठ्या लावण्यांनी त्या खेळाडूंना फार अडचणीत टाकले होते. परंतु तिच्या लावण्यांत भक्कम हात आणि ब्लफ यांचे प्रमाण काटेकोर राखलेले असे. दोन रुपयांच्या टेबलावरचा खेळाडू ते राखत नाही, तो एका बाजूला झुकलेला असतो, आणि तो कोणत्या बाजूला झुकला आहे हे ओळखणे हेच तिथले खरे कसब आहे. त्या २९ टक्क्यांसाठी हात निवडताना चौकट नसलेला एक्का-राणी आधी घ्यावा आणि चौकटचा एक्का असलेला नंतर.

प्रश्न : मी डिचोलीचा असून कॉलेजात शिकतो. फ्लॉपवर माझी एकाच रंगाची चार पाने झाली आणि समोरच्याने ऑल-इन केले, तर मी नेहमी कॉल देतो, कारण ३५ टक्के वेळा फ्लश होतो असे ऐकले आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : ३५ हा आकडा बरोबर आहे. रंगाची नऊ पाने शिल्लक असतात आणि दोन पाने यायची असतात. “नेहमी” हा शब्द मात्र बरोबर नाही. पॉटमध्ये ६० असताना समोरच्याने ९० लावले, तर तुम्ही २४० च्या पॉटसाठी ९० देता, म्हणजे ३७.५ टक्के हवेत. थोडक्यात कॉल चुकतो. पॉटमध्ये आधीच १२० असतील तर ३०० साठी ९० द्यायचे असतात, ३० टक्के पुरतात आणि कॉल चांगला ठरतो. तुमच्या हातातले एक पान टेबलावरच्या सर्व पानांपेक्षा मोठे असेल तर त्याची जोडी लागूनही कधी जिंकता येते, आणि पहिल्या उदाहरणातली अडीच टक्क्यांची तूट त्याने भरून निघू शकते. उलट त्याच्याकडे एकाच आकड्याची तीन पाने असतील, तर टेबलावर जोडी पडताच तुमचा फ्लशही हरतो आणि ३५ चे सुमारे २५ होतात. आणखी एक गोष्ट : ३५ टक्के हे फ्लॉपवर सगळे पैसे आत गेल्यावर, दोन्ही पाने नक्की पाहायला मिळणार असतानाच लागू होतात. टर्नवर ऑल-इन झाले तर एकच पान उरते आणि ४६ पानांत ९, म्हणजे २० टक्क्यांहूनही किंचित कमी. बऱ्याच जणांचे पैसे या दोन आकड्यांच्या घोळात जातात.

प्रश्न : साखळीहून लिहितो. नवा कायदा झाल्यापासून माझ्या ॲपवर फुकटच्या चिप्सवरच खेळता येते. तिथे हे टक्केवारीचे गणित चालते का, की दुसरीकडे कुठे खेळावे?

उत्तर : ऑनलाइन खेळांच्या नियमनाच्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, दोन्ही त्यात निषिद्ध ठरले. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि परदेशातून भारतात सेवा पुरवणारेही त्यातून सुटलेले नाहीत. म्हणून “दुसरीकडे कुठे” याचे माझे उत्तर स्पष्ट आहे : कोणाच्या तरी खात्यावर यूपीआयने पैसे पाठवून चिप्स देणाऱ्या परदेशी ॲपच्या वाटेला जाऊ नका. तिथे डाव जिंकूनही पैसे मिळाले नाहीत, तर दाद मागायला दारच उरत नाही.

फुकटच्या चिप्सवर भागाकार तोच राहतो. १६६ द्यायचे आणि पॉट ४०१ चा होणार असेल तर तिथेही ४१.४ टक्केच लागतात. बदलते ती मोजणी. संपलेल्या चिप्स थोड्या वेळाने पुन्हा मिळत असल्याने लोक फसलेला ड्रॉ, एकटा राजा, काहीही घेऊन सगळे पुढे करतात. वरच्या डावात फसलेल्या १४ पैकी ७ की १० याची आपण एवढी चिकित्सा केली, ती तिथे निरर्थक होते, कारण तिथे चौदाही येतात आणि शिवाय आपण मोजलीही नाहीत अशी कित्येक पाने येतात. म्हणून फोंड्याच्या वाचकांचा तो हात फुकटच्या टेबलावर मी न थांबता कॉल करीन. सराव करायचा असेल तर कॉलचा निकाल पाहण्याआधी समोरच्याच्या जुळण्या मोजून आकडा कागदावर लिहा आणि मग पाने उघडू द्या. तो सराव कुठेही उपयोगी पडतो. तिथल्या खेळाडूंच्या सवयी मात्र बाहेरच्या टेबलावर गृहीत धरू नका.

प्रश्न : आम्ही मडगावला असतो, पण चवथीला सगळे केप्याच्या मूळ घरी जमतो. रात्री आरती झाल्यावर आम्ही भावंडे आणि मोठी माणसे चिंचोके घेऊन पोकर खेळतो, प्रत्येकी शंभर चिंचोके. गेल्या चवथीला माझ्याकडे राजा आणि नव्वी होती, टेबलावर राजा, नव्वी, चव्वी, छक्की अशी पाने आली आणि रिव्हरला गुलाम पडला, तेव्हा टेबलावर बदामची तीन पाने झाली. पॉटमध्ये ४० चिंचोके होते. तोवर नुसते कॉल देत आलेल्या आत्याने उरलेले सगळे ६० पुढे केले. आत्या ब्लफ करते असे आम्ही कोणी कधी पाहिलेले नाही, पण त्याच्या आदल्या वर्षी तिने एक्क्यांच्या एका जोडीवर सगळे चिंचोके लावले होते आणि ती हरली होती. मी पाने टाकली. आत्या हसली, पण तिने पाने दाखवली नाहीत. मी घाबरले का?

उत्तर : मला तुमचे पत्र वाचून आनंद झाला, कारण अनोळखी खेळाडूबद्दल जे अंदाजाने ठरवावे लागते ते तुम्हाला आत्याबद्दल वर्षानुवर्षे पाहून माहीत आहे. तुम्हाला १६० साठी ६० द्यायचे होते, म्हणजे ३७.५ टक्के हवेत, आठपैकी तीन वेळा. आत्या ब्लफ करत नाही हे धरले तर फसलेल्या ड्रॉंचा रकाना शून्य. मग तुम्हाला जिंकण्याची एकच वाट उरते : आत्याचा हात तिला वाटतो तेवढा चांगला नसणे. घरगुती खेळात ही वाट ब्लफपेक्षा कितीतरी रुंद असते, कारण तिथे माणसे फसवत कमी आणि स्वतःच्या पानांवर भाळतात अधिक. म्हणून आदल्या वर्षीच्या एक्क्यांच्या जोडीची आठवण तुम्ही पत्रात लिहिलीत ते योग्यच केलेत.

पण ती आठवण पूर्ण करायला हवी. तेव्हा आत्याने सगळे चिंचोके कधी लावले होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. हातात दोन एक्के आलेले पाहून तिने टेबलावर पाने येण्याआधीच लावले असतील, तर ते समजण्यासारखे आहे आणि त्यावरून या डावाबद्दल काहीच सांगता येत नाही. या वेळी ती फ्लॉपला आणि टर्नला नुसता कॉल देत आली आणि बदामचे तिसरे पान पडल्यावरच तिने हात मोकळा सोडला. एक्क्यांची जोडी किंवा राजाबरोबर एक्का असता तर तिसऱ्या बदामने तिला कचरायला लावले असते, धीट केले नसते. तिच्याकडे बदामची दोन पाने होती असे मी धरतो. गुलामामुळे तिच्या राजा-गुलाम अशा दोन जोड्या झाल्या असतील तर त्याही तुमच्या राजा-नव्वीला भारी पडतात. तुमच्याहून खालच्या, म्हणजे गुलाम-नव्वी किंवा राजा-छक्की अशा दोन जोड्यांवर तिने त्या क्षणी सगळे लावावे, असे आठपैकी तीन वेळा घडेल असे मला वाटत नाही. तुमचा फोल्ड बरोबर होता. हेच ६० तिने टर्नवर, तिसरे बदाम येण्याआधी लावले असते तर मात्र मी कॉल द्यायला सांगितले असते.

येत्या चवथीला एक करा. कॅलेंडरच्या मागे नाहीतर जुन्या वहीच्या पानावर आत्याचे प्रत्येक ऑल-इन टिपा : कोणत्या पानानंतर लावले, पॉट किती होता आणि कोणी कॉल दिला असेल तर पाने काय निघाली. दोन चवथींत दहा-बारा नोंदी सहज होतील. मागच्या वेळी तिने पाने न दाखवता तशीच पिसायला दिली, ते नियमाला धरून होते. तिची ती पाने पाहायची असती तर ६० चिंचोके मोजावे लागले असते.